सोनेरी कर्कटकाचा छापखाना

जून महिन्यात नवे पुस्तक हातात आले की मुले आधी त्याचा वास घेतात, मग चित्रे चाळतात आणि शेवटी पहिल्या पानावर आपले नाव घालतात. या पुस्तकातील अक्षरे कोणी घडविली, कोणी ओळीत बसविली आणि त्यांतील चुका कोणी काढल्या, हा प्रश्न मात्र फारसा कोणाच्या मनात येत नाही. आता अक्षरे संगणकाच्या पडद्यावर जुळतात. हातात स्टिक धरून एकेक खिळा उचलणारा जुळारी आपल्या गावातूनही दिसेनासा झाला आहे. म्हणूनच ज्या घरात जुन्या छपाईचा सारा संसार जसाच्या तसा राखून ठेवला आहे, त्या घराची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना करून द्यावी असे वाटते.

हे घर बेल्जियम देशात आहे. शेल्ट नदीच्या काठी अँटवर्प नावाचे मोठे बंदर आहे. त्या शहराच्या जुन्या भागात 'शुक्रवारचा बाजार' या नावाचा चौक आहे आणि त्या चौकात प्लांटिन-मोरेटस संग्रहालय आहे. इतर संग्रहालयांत वस्तू चार ठिकाणांहून गोळा करून मांडलेल्या असतात. येथे तसे नाही. एकाच घराण्याने या घरात तीनशे वर्षे वास्तव्य केले, येथेच पुस्तके छापली आणि विकली, आणि छपाईची हत्यारे, हिशेब, पत्रे, चित्रे सांभाळून ठेवली. तोच सारा संग्रह पाहावयास मिळतो.

बाइंडर ते मुद्रक

या घराण्याचा मूळ पुरुष ख्रिस्तोफ प्लांटिन. इ. स. १५२० च्या सुमारास फ्रान्समधील तूर शहराच्या परिसरात त्याचा जन्म झाला. घरची श्रीमंती नव्हती. पुस्तक बांधणीचा धंदा शिकून, लग्न करून तो १५४९ च्या सुमारास पत्नीसह अँटवर्पला आला. त्या काळी अँटवर्प ही युरोपातील व्यापाराची मोठी पेठ होती. कागद, कारागीर, भांडवल आणि गिऱ्हाईक ही चारही तेथे एकत्र मिळत. प्लांटिन पुस्तके बांधी आणि कातड्याच्या नक्षीदार पेट्या करी. त्याचा हात सुबक म्हणून नावाजला जाऊ लागला.

त्याच्या घराण्यात पुढे एक हकीकत सांगितली जाई. एका रात्री एक मौल्यवान पेटी पोहोचवावयास तो निघाला असता, भलताच माणूस समजून काही दारुड्यांनी त्याच्यावर तलवार चालविली. जखम भरून आली, पण बारीक कलाकुसरीचे काम त्या हाताला झेपेना. म्हणून तो मुद्रणाकडे वळला. कारण काहीही असो, १५५५ साली प्लांटिनच्या छापखान्यातून पहिले पुस्तक बाहेर पडले एवढे निश्चित.

व्यवसायाची खूण म्हणून त्याने पुढे सोनेरी कर्कटक निवडले. भूमितीच्या पेटीत वर्तुळ काढावयाचे जे साधन असते तेच हे कर्कटक. त्याखाली 'श्रम आणि स्थैर्य' अशा अर्थाचे लॅटिन शब्द असत. कर्कटकाचा फिरणारा पाय म्हणजे श्रम आणि एका जागी रोवलेला पाय म्हणजे स्थैर्य. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्या कंपासपेटीतील या साध्या वस्तूचा इतका समर्पक अर्थ क्वचितच कोणी लावला असेल.

१५६२ साली त्याच्या छापखान्यातील काही कामगारांनी धर्मपीठाला मान्य नसलेली एक पुस्तिका छापली. प्लांटिन त्या वेळी पॅरिसला होता. तरी संशय मालकावर आला आणि त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला. दुसऱ्याच वर्षी, १५६३ मध्ये, त्याने भागीदार मिळवून नव्याने सुरुवात केली. पुढील दहा-बारा वर्षांत धंदा एवढा वाढला की १५७४ च्या सुमारास त्याच्याकडे १६ छापयंत्रे आणि पन्नासाहून अधिक कामगार होते. त्या काळच्या युरोपात याहून मोठा छापखाना शोधून सापडणे कठीण होते.

पहिले पुस्तक आणि पाच मुली

प्लांटिनने १५५५ साली छापलेले ते पहिले पुस्तक कोणते होते? एका खानदानी मुलीचे संगोपन कसे करावे, या विषयावर ब्रूतो नावाच्या इटालियन लेखकाने लिहिलेले ते छोटे पुस्तक होते. त्याचा कल मात्र मुलींना विद्येपेक्षा शील आणि घरकाम शिकवावे, असाच होता. त्या काळी बहुतेकांचे मत तेच होते.

प्लांटिनला पाच मुली होत्या. मुद्रक या नात्याने त्याने ब्रूतोचे मत छापले. बाप या नात्याने काय केले, हे त्याच्याच पत्रावरून कळते. १५७० च्या नोव्हेंबर महिन्यात त्याने स्पेनच्या राजाच्या सचिवाला एक पत्र लिहिले. त्यात आपल्या मुलींची हकीकत आहे. मुलींना लहानपणापासून नीट वाचावयास व लिहावयास शिकविले, आणि मोठ्या चौघींनी चार-पाच वर्षांच्या वयापासून बाराव्या वर्षापर्यंत छापखान्यात मुद्रिते तपासण्याच्या कामी मदत केली, असे तो सांगतो. थोरल्या मार्गारेटाचे हस्ताक्षर अतिशय सुंदर होते. दुसरी मार्टिना व तिसरी कॅथरिना कापड आणि लेस यांच्या व्यापारात तरबेज झाल्या. चौथी माग्दालेना त्या वेळी तेरा वर्षांची होती. तिच्याकडे जे काम होते ते समजण्यासाठी त्या वेळी छापखान्यात काय चालले होते ते पाहावयास हवे.

पाच भाषांचा ग्रंथ

१५६८ ते १५७२ या काळात प्लांटिनने आयुष्यातील सर्वांत मोठे काम अंगावर घेतले होते. बायबलची मूळ व जुनी भाषांतरे शेजारी शेजारी छापावयाची, असा तो संकल्प होता. हिब्रू, अरामी, सिरियाक, ग्रीक आणि लॅटिन अशा पाच भाषा आणि एकूण आठ मोठे खंड. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने त्यास आश्रय दिला आणि देखरेखीसाठी बेनितो आरियास मोंतानो या विद्वानास अँटवर्पला पाठविले. सुमारे १,२०० प्रती कागदावर आणि राजासाठी १३ प्रती चर्मपत्रावर छापण्यात आल्या. राजाकडून यावयाचा पैसा वेळेवर येईना, त्यामुळे प्लांटिन कर्जात बुडाला. पण काम थांबले नाही.

एका पानावर उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लिप्या एकत्र आल्या की जुळाऱ्याची आणि तपासनिसाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी शब्द बदलतो. मुद्रित तपासण्याची खरी रीत अशी की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावयाची आणि दुसऱ्याने छापील कागदावर नजर ठेवावयाची. माग्दालेना रोज या पाच भाषांची मुद्रिते घेऊन मोंतानोच्या निवासस्थानी जाई आणि मूळ प्रतीतून त्याला वाचून दाखवी. तेरा वर्षांची मुलगी, म्हणजे आपल्या शाळेतील सातवी-आठवीची विद्यार्थिनी! युरोपातील त्या काळच्या सर्वांत अवघड छपाईचा एक सांधा तिच्या वाचनावर उभा होता.

ही गोष्ट दंतकथा नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. बापाने ती पत्रात लिहिली आणि पुढच्या पिढ्यांनी छापखान्याचा पत्रव्यवहार जपून ठेवला, म्हणून आपल्याला ती कळते. छापखान्यात काम करणाऱ्या मुली इतर गावीही असतील. पण त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

जुळारी कोशकार झाला

संग्रहालयात मुद्रितशोधकांची खोली अजून आहे. खिडकीशी उजेड येईल अशा बेताने मोठे लाकडी मेज ठेवलेले आहे. या छापखान्यातील शोधकांपैकी कोर्नेलिस किलियान याचे नाव अवश्य सांगितले पाहिजे. १५५८ साली तो साधा जुळारी म्हणून कामास लागला, पुढे मुद्रितशोधक झाला आणि १६०७ साली मृत्यू येईपर्यंत याच घराशी जोडलेला राहिला. दिवसभर लोकांची पुस्तके तपासावयाची आणि उरलेल्या वेळात आपल्या डच मातृभाषेचे शब्द टिपून ठेवावयाचे, असा त्याचा क्रम होता. त्यातून १५७४ साली त्याचा डच-लॅटिन कोश तयार झाला. १५९९ साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली, आणि तिच्यात शब्दांची व्युत्पत्तीही होती. डच भाषेचे अभ्यासक आजही तिचा आदराने उल्लेख करतात. बाजारात, घरात, बंदरावर बोलले जाणारे शब्दही विद्येचा विषय होऊ शकतात, हे या जुळाऱ्याने दाखविले.

छपाईच्या दालनात लाकडी छापयंत्रांची रांग आहे. त्यांतील दोन यंत्रे इ. स. १६०० च्या सुमाराची असून जगात टिकून राहिलेल्या छापयंत्रांत ती सर्वांत जुनी समजली जातात. एका यंत्रावर दोन माणसे काम करीत. एकजण खिळ्यांना शाई लावी, दुसरा कागद घालून दांडा ओढी. दिवसाला सुमारे १,२५० कागद दोन्ही बाजूंनी छापून व्हावेत अशी अपेक्षा असे, म्हणजे दांडा अडीच हजार वेळा ओढणे आले! कामगारांसाठी लेखी नियम होते. चूक झाली की दंड होई. आजारी किंवा जखमी कामगारांना मदत करण्यासाठी त्यांचा सामाईक निधीही असे.

खिळा कसा तयार होतो

या संग्रहालयाचा खरा खजिना मात्र यंत्रांहून लहान आहे. बोटाएवढ्या पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर एक अक्षर उलटे व उठावदार कोरतो. हा झाला ठसा. तो कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात सुलटे, खोलगट अक्षर उमटते. यास मातृका म्हणतात. मातृका ओतसाच्यात बसवून त्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार होतो. एका ठशापासून अनेक मातृका आणि एका मातृकेपासून हजारो खिळे निघतात. खिळे झिजतात, पुन्हा वितळविले जातात. ठसा व मातृका टिकतात. म्हणून जाणते मुद्रक त्यांना दागिन्यांसारखे जपत.

प्लांटिनने फ्रान्सचे नामांकित अक्षर-कारागीर क्लोद गारामों व रोबेर ग्रांजों यांचे ठसे आणि मातृका मिळविल्या. १५६१ मध्ये गारामों वारल्यावर त्याच्या मालमत्तेतून काही ठसे विकत घेतले गेले. या संग्रहात आज साडेचार हजारांच्या आसपास ठसे आणि पंधरा हजारांहून अधिक मातृका आहेत. ग्रांजोंने घडविलेल्या एका वळणावरून १९१३ साली एका इंग्रज कंपनीने 'प्लांटिन' नावाचा टाइप काढला. पुढे लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्रासाठी १९३२ साली जो 'टाइम्स न्यू रोमन' टाइप वापरात आला, तो तयार करताना हे वळण समोर ठेवले होते. आपली मुले संगणकावर इंग्रजी अर्ज लिहितात तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराच्या हाताची सावली त्या अक्षरांवर असते.

ज्या भाषेचे ठसे नाहीत ती भाषा छापखान्यात मुकी राहते किंवा तिला परक्या लिपीचा आधार घ्यावा लागतो. गोव्यात १५५६ साली छापयंत्र आले. परंतु मराठीची नागरी अक्षरे ओतलेली नव्हती, म्हणून फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापावे लागले. कवीची भाषा तयार होती, खिळे नव्हते.

अरबी अक्षरे

आपल्या वाचकांना अरबी अक्षरांच्या छपाईविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे. अरबी लिपीत अक्षरे एकमेकांना जोडली जातात आणि बहुतेक अक्षरांची शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी व सुटे असताना अशी चार रूपे होतात. त्यांवरील नुक्ते आणि जेर-जबर वेगळेच. रोमन लिपीचा संच काही डझन ठशांत भागतो; अरबीचा शेकड्यांत जातो. उर्दूचे नस्तालीक वळण तर खिळ्यांत बसविणे आणखी अवघड. त्यामुळे आपल्याकडे उर्दू पुस्तके दीर्घकाळ कातिबांकडून लिहवून शिळाछापावर छापली गेली.

ज्या ग्रांजोंचे ठसे अँटवर्पला आहेत आणि ज्याने प्लांटिनच्या पंचभाषी ग्रंथासाठी सिरियाक अक्षरे कोरली, तोच उतारवयात रोमला गेला आणि तेथे त्याने अरबी अक्षरे कोरली. त्याच्या अरबी अक्षरांमुळे नावारूपास आलेल्या रोममधील मेदिची छापखान्याने १५९३ साली इब्न सिना यांचा 'अल-कानून' हा वैद्यकग्रंथ मूळ अरबीत छापला. इब्न सिना यांना जाऊन तेव्हा साडेपाचशेहून अधिक वर्षे झाली होती. त्या ग्रंथाची लॅटिन भाषांतरे युरोपच्या विद्यापीठांत आधीपासून शिकविली जात होती.

प्लांटिनच्या घरचाही या विद्येशी जवळचा संबंध आहे. फ्रान्स राफेलेंगियस हा तरुण १५६४ मध्ये मुद्रितशोधक म्हणून नोकरीस लागला आणि दुसऱ्याच वर्षी थोरल्या मार्गारेटाचा पती झाला. हिब्रू व अरबी या त्याच्या आवडीच्या भाषा. पुढे तो हॉलंडमधील लायडन येथे सासऱ्याच्या छापखान्याची शाखा सांभाळू लागला आणि तेथील विद्यापीठात हिब्रूचा प्राध्यापक झाला. त्याने अरबी खिळे तयार करवून घेतले आणि १५९५ साली त्यांचा नमुना प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे शब्द जमवून त्याने अरबी-लॅटिन कोश रचला, पण तो छापून झालेला पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. १५९७ साली तो वारला. १६१३ साली त्याच्या मुलांनी बापाचा कोश छापून पुरा केला. युरोपात छापला गेलेला हा पहिला मोठा अरबी-लॅटिन कोश. त्याच वर्षी त्याच छापखान्यातून अर्पेनियस या विद्वानाचे अरबी व्याकरणही निघाले. तुर्कस्थानात इब्राहिम मुतफर्रिका यांनी १७२९ साली जे पहिले पुस्तक छापले तेही अरबी-तुर्की शब्दकोशच होते. दुसऱ्याची भाषा नीट समजून घ्यावयाची तर पहिली पायरी कोशाची, हे दोन्हीकडच्या जाणत्यांनी ओळखले होते.

गोव्याहून अँटवर्पला

या छापखान्याचा आपल्या मुलखाशीही धागा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला व अखेरपर्यंत तेथेच राहिला. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशाह याच्याशी त्याचा स्नेह होता आणि त्याच्यावर त्याने औषधोपचारही केले. निजामशाही दरबारातील हकिमांशी त्याची वैद्यकावर चर्चा होई. आंबा, फणस, नारळ, विड्याचे पान, हिंग, जायफळ अशा पदार्थांविषयी आणि औषधींविषयी त्याने संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. अरबी वैद्यांची मते आणि येथे प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी यांची तुलना त्यात आहे. हा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला.

त्या पोर्तुगीज ग्रंथाची प्रत कार्लस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडली. त्याने लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप केला, चित्रे घातली, आणि १५६७ साली प्लांटिनने तो अँटवर्पला छापला. लॅटिन ही त्या वेळी सर्व युरोपच्या विद्वानांची भाषा होती. कोकण-दख्खनच्या झाडपाल्याची आणि येथील वैद्य-हकिमांच्या अनुभवाची माहिती युरोपभर पसरली ती मुख्यतः या लॅटिन पुस्तकामुळे. खुद्द ओर्ताच्या वाट्याला काय आले? मृत्यूनंतर, १५८० साली, गोव्याच्या धर्मन्यायालयाने ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. अस्थी जळाल्या, ग्रंथाच्या आवृत्त्या मात्र अँटवर्पहून निघतच राहिल्या.

आपत्ती आणि वारसा

१५७६ साली प्लांटिन शुक्रवारच्या बाजारातील जागेत आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले. हजारो नागरिक मारले गेले. आपल्याला नऊ वेळा खंडणी द्यावी लागली, असे प्लांटिनने लिहिले आहे. छापखाना वाचला, पण सोळा यंत्रांचे वैभव पुन्हा आले नाही. १५८३ ते १५८५ ही दोन वर्षे त्याने लायडनच्या विद्यापीठाचा मुद्रक म्हणून काढली. दशांश अपूर्णांक सोप्या रीतीने समजाविणारी सिमोन स्टेविन याची प्रसिद्ध पुस्तिका त्याच्या लायडनच्या छापखान्यातून १५८५ साली निघाली. त्यानंतर तो अँटवर्पला परतला व १ जुलै १५८९ रोजी वारला. चौतीस वर्षांत त्याने दोन हजारांहून अधिक पुस्तके व पत्रके छापली होती.

त्याच्यामागे दुसरी मुलगी मार्टिना आणि तिचा पती यान मोरेटस यांनी अँटवर्पचा छापखाना चालविला. म्हणूनच घराण्याचे नाव प्लांटिन-मोरेटस असे पडले. १६१० मध्ये यान वारल्यावर मार्टिना आपल्या मुलांसह घराची प्रमुख राहिली. तिचा मुलगा बाल्थासार याचा बालमित्र म्हणजे जगप्रसिद्ध चित्रकार रुबेन्स. त्याने या छापखान्याच्या पुस्तकांसाठी मुखपृष्ठांची चित्रे काढली आणि घराण्यातील माणसांची तैलचित्रेही रंगविली. ती चित्रे संग्रहालयात आहेत. पुढे सतराव्या शतकात अॅना गूस आणि अठराव्या शतकात मारिया तेरेसिया बोरेकेन्स या सुनांनी वैधव्यात हा सारा कारभार पेलला. मुलींना हिशेब व अक्षर शिकविण्याची पहिल्या पुरुषाची रीत या घराला अशी पुन्हा पुन्हा उपयोगी पडली.

स्पेन व तिच्या वसाहतींना लागणारी प्रार्थनापुस्तके हा घराण्याचा मुख्य धंदा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हक्क गेला आणि उतरती कळा लागली. १८६७ च्या सुमारास यंत्रे थांबली. घराण्याचा शेवटचा मालक एडवर्ड मोरेटस याला एकेक वस्तू विकून पैसा उभा करता आला असता. त्याने तसे केले नाही. १८७६ साली घर, यंत्रे, ग्रंथ आणि चित्रे असा सर्व संग्रह त्याने अँटवर्प शहराला बारा लाख फ्रँकना एकत्रितपणे दिला. १८७७ च्या ऑगस्टमध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

संग्रहात काय आहे

आज तेथे सुमारे २५,००० जुने छापील ग्रंथ आणि सहाशेहून अधिक हस्तलिखिते आहेत. छपाईच्या आरंभकाळातील दुर्मिळ अशा छत्तीस ओळींच्या बायबलची प्रत आहे. चित्रे छापण्यासाठी कोरलेले सुमारे १४,००० लाकडी ठोकळे आणि सुमारे ३,००० ताम्रपट आहेत. ओतकामाची खोली, खिळ्यांची कोठी, ग्रंथविक्रीचे दुकान आणि मधोमध द्राक्षवेल चढलेले अंगण, हे सर्व पाहता येते.

पण इतिहासकारांना सर्वांत मोलाचे वाटते ते दफ्तर. कोणत्या दिवशी कोणत्या जुळाऱ्याला किती मजुरी दिली, कागद कोठून किती आणला, कोणत्या गावच्या व्यापाऱ्याला किती पुस्तके धाडली, याच्या वह्या आणि पत्रे तीनशे वर्षांची आहेत. सोळाव्या शतकातील इतर बड्या छापखान्यांची पुस्तके उरली, कागदपत्रे गेली. येथे दोन्ही आहेत. म्हणून युनेस्कोने २००१ साली हे दफ्तर जगाच्या स्मृतिसंग्रहाच्या यादीत घेतले आणि २००५ साली घर व संग्रह यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हे जपणे सोपे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात २ जानेवारी १९४५ रोजी एक जर्मन बाँब या चौकात पडून इमारतीची एक बाजू ढासळली. मोलाच्या वस्तू आधीच सुरक्षित स्थळी हलविल्या होत्या, म्हणून वाचल्या. दुरुस्ती होऊन १९५१ साली संग्रहालय पुन्हा उघडले.

आपल्यासाठी

अँटवर्प दूर आहे आणि आपल्यापैकी थोड्यांनाच ते पाहण्याचा योग येईल. परंतु या घराने जे केले त्यातील काही गोष्टी आपल्याही आवाक्यातल्या आहेत. आपल्या घरांतील माळ्यावर आजोबांची वही, आजीने जपलेले शिळाछापाचे पुस्तक, दुकानाचे जुने कीर्द-खतावणीचे बाड, मोडीतील दस्त, शाळेच्या पहिल्या वर्षाचे हजेरीपुस्तक असे काही ना काही असते. घर रंगविताना ते रद्दीत जाते आणि त्याबरोबर माणसांची नावेही जातात. विद्यार्थ्यांनी सुट्टीत असे कागद वडीलधाऱ्यांना विचारून पाहावेत, कोणाचे, कधीचे, कशाचे हे लिहून काढावे, आणि शाळेच्या ग्रंथालयातील एखादे कपाट त्यासाठी मागून घ्यावे. वाळवी व ओल यांपासून जपणे एवढीच सुरुवातीची विद्या त्यास पुरते.

आणि पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. प्लांटिनने छापलेले ते पहिले पुस्तक आज मोजक्या अभ्यासकांखेरीज कोणी वाचीत नाही. त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीने तपासावयास वाचून दाखविलेली पाने मात्र साडेचारशे वर्षांनंतरही विद्वान आदराने उघडतात. घरात मुलगी वाचू लागली की तिच्यासाठी दिव्याजवळची जागा मोकळी करून द्यावी. ती काय वाचते, हे कुठेतरी लिहूनही ठेवावे.